सरळ वर फेकलेल्या वस्तूचे गणित: पहिल्या उणे चिन्हापासून हवेच्या विरोधापर्यंत

वर फेकलेल्या चेंडूच्या गणितात सूत्रे बहुतेकांना पाठ असतात. घोळ होतो तो उणे चिन्हापाशी. चढताना एक सूत्र, उतरताना दुसरे, माथ्यावर आणखी काही वेगळाच नियम, अशी विभागणी डोक्यात पक्की बसलेली असते आणि गच्चीवरून फेकलेल्या चेंडूचे उदाहरण आले की तीच अंगाशी येते. हवा तूर्त बाजूला ठेवली, तर चेंडू हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत त्याच्यावर बल एकच, त्याची दिशा एकच आणि त्वरणही एकच. म्हणून समीकरणही एकच पुरते. खालची उदाहरणे याच एका गोष्टीवर उभी आहेत.

आकडे घालण्याआधी

आकृती म्हणून एक उभी रेघ पुरे. तिच्यावर शून्य कुठे धरायचे ते ठरवा. वस्तू जिथून सुटली तीच जागा सर्वांत सोयीची. शेजारी वर जाणारा बाण काढा आणि ‘वर म्हणजे अधिक’ असे चक्क शब्दांत लिहा. हे बालिश वाटते, पण पुढच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

आता अक्षरे. यू हा सुटतानाचा वेग. व्ही हा टी सेकंदांनंतरचा वेग. वाय हे सुटल्या जागेपासूनचे विस्थापन: वर असेल तर धन, खाली असेल तर ऋण. जी हे गुरुत्व त्वरणाचे मूल्य, ९.८ मी/से², आणि ते नेहमी धनच लिहायचे. खाली ओढण्याचे काम सूत्रातले उणे चिन्ह करते:

व्ही = यू − जी × टी
वाय = यू × टी − ½ × जी × टी²
व्ही² = यू² − २ × जी × वाय

कोणते कधी वापरायचे, हे पाठ करण्याची गरज नाही. उदाहरणात उंचीचा उल्लेखच नसेल तर पहिले, शेवटचा वेग दिलेलाही नसेल आणि विचारलेलाही नसेल तर दुसरे, वेळेशी देणेघेणे नसेल तर तिसरे.

सर्वांत जास्त होणारी चूक अशी: सूत्रात उणे चिन्ह आहेच, तरी जी = −९.८ घालायचे. दोन उणे मिळून अधिक होतात आणि चेंडू वर जाता जाता वेग घेऊ लागतो. काहींना व्ही = यू + ए × टी हे मूळ रूप लिहून ए = −९.८ घालायची सवय असते. तेही बरोबरच आहे. फक्त एका उदाहरणात दोन पद्धतींची सरमिसळ नको.

९.८ की १०, हा प्रश्न नेहमीचा. १९०१ साली आंतरराष्ट्रीय वजने-मापे परिषदेने ठरवलेले प्रमाण मूल्य ९.८०६६५ मी/से² आहे. प्रत्यक्षात विषुववृत्तावर, समुद्रसपाटीला ते साधारण ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असते. १० घेतल्यास उत्तरात सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडतो. तोंडी अंदाजाला ते चालते. वेळ काढताना १० आणि उंची काढताना ९.८ हे मात्र चालत नाही, कारण मग पडताळा कधीच जुळणार नाही.

वेग किलोमीटर प्रति तासात दिला असेल तर त्याला ३.६ ने भागा. ५४ किमी/तास म्हणजे १५ मी/से. वस्तुमान दिलेले असले तरी ते कुठेच घालायचे नाही. तिन्ही सूत्रांत त्याला जागाच नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकदमच खाली आले, ते याचमुळे.

जमिनीवरून वर, परत जमिनीवर

चेंडू १४.७ मी/से वेगाने सरळ वर फेकला. माथा म्हणजे जिथे व्ही = ० होतो ती जागा. पहिल्या सूत्रात ० = १४.७ − ९.८ × टी, म्हणून टी = १.५ सेकंद. तिसऱ्यात ० = २१६.०९ − १९.६ × वाय, म्हणून माथ्याची उंची ११.०२५ मीटर. परत येण्याचा क्षण म्हणजे वाय = ०. दुसऱ्या सूत्रातून टी = ० आणि टी = ३ सेकंद अशी दोन उत्तरे येतात. पहिले फेकण्याच्या क्षणाचे, दुसरे परतीचे. तीन सेकंदांनंतर व्ही = १४.७ − २९.४ = −१४.७ मी/से: आकडा तोच, दिशा उलटी.

उत्तरे मिळाली तरी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा तक्ता एकदा हाताने मांडून पाहावा.

० से: वेग १४.७, उंची ०
०.५ से: वेग ९.८, उंची ६.१२५
१.० से: वेग ४.९, उंची ९.८
१.५ से: वेग ०, उंची ११.०२५
२.० से: वेग −४.९, उंची ९.८
२.५ से: वेग −९.८, उंची ६.१२५
३.० से: वेग −१४.७, उंची ०

वेगाच्या ओळीवर बोट ठेवून खाली या: दर अर्ध्या सेकंदाला बरोबर ४.९ कमी होतात. माथ्याच्या आधी, माथ्यावर, माथ्यानंतर, कुठेही अडखळ नाही. माथ्यावर वेग शून्य असतो म्हणून त्वरणही शून्य असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण त्वरण खरोखर शून्य झाले असते तर शून्य वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू तिथेच लटकला असता.

उंचीची ओळही बोलकी आहे. पहिल्या अर्ध्या सेकंदात चेंडू ६.१२५ मीटर चढतो, दुसऱ्यात ३.६७५, तिसऱ्यात १.२२५. हे प्रमाण ५ : ३ : १. पडणाऱ्या वस्तूंसाठी गॅलिलिओने सांगितलेला विषम संख्यांचा नियमच हा, चढताना उलटा वाचलेला. यातूनच आणखी एक गोष्ट निघते: एकूण वेळेपैकी निम्मा वेळ चेंडू वरच्या पाव भागात असतो. इथे उंचीचा तीन चतुर्थांश म्हणजे सुमारे ८.२७ मीटर, चेंडू ०.७५ व्या सेकंदाला तिथे पोहोचतो आणि २.२५ व्या सेकंदाला तिथून खाली उतरतो. उंच उडी मारणारा खेळाडू हवेत क्षणभर ‘थांबल्यासारखा’ दिसतो, तो याच हिशेबाने.

अंतर आणि विस्थापन यांचा गोंधळही याच तक्त्यात सुटतो. १ ते २ सेकंद या काळात विस्थापन शून्य आहे, कारण दोन्ही वेळा उंची ९.८ मीटरच. कापलेले अंतर मात्र १.२२५ वर आणि १.२२५ खाली, मिळून २.४५ मीटर. सूत्रे विस्थापन देतात. अंतर विचारले असेल तर माथा कधी आला ते पाहून तुकडे करावे लागतात. तुकडे करण्याची गरज पडते ती एवढ्यापुरतीच.

गच्चीवरून: इथे तुकडे पाडू नका

२४.५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू १९.६ मी/से वेगाने वर फेकला. तो गच्चीला न लागता खाली जमिनीवर पडतो. किती वेळाने?

शून्य गच्चीवर, वर अधिक. जमीन शून्याच्या खाली आहे, म्हणून वाय = −२४.५. हे उणे विसरले की चेंडू गच्चीच्या वर अधांतरी ‘पडतो’. दुसऱ्या सूत्रात घाला:

−२४.५ = १९.६ × टी − ४.९ × टी²

सगळे एका बाजूला घेऊन ४.९ ने भागले की टी² − ४ × टी − ५ = ०. अवयव (टी − ५) आणि (टी + १). म्हणून टी = ५ किंवा −१. उत्तर ५ सेकंद.

उणे एकवर काट मारण्याआधी त्याच्याकडे क्षणभर पाहा. चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरूनच फेकला असता आणि गच्चीपाशी येताना त्याचा वेग नेमका १९.६ असता, तर तो जमिनीवरून केव्हा निघाला असता, याचे ते उत्तर आहे. त्या क्षणी वेग १९.६ + ९.८ = २९.४ वर, आणि पाचव्या सेकंदाला १९.६ − ४९ = −२९.४. दोन्ही आकडे जुळतात. समीकरणाला आपण चेंडू कधी हातात धरला होता हे ठाऊक नसते; ते पूर्ण वक्र सांगते, त्यातला आपला भाग आपण निवडायचा.

पडताळा तुकड्यांनी करा. माथ्यापर्यंत २ सेकंद, माथा गच्चीच्या १९.६ मीटर वर, म्हणजे जमिनीपासून ४४.१ मीटर. तिथून पडायला ४४.१ = ४.९ × टी², टी = ३ सेकंद. दोन आणि तीन पाच. तिसऱ्या सूत्रानेही व्ही² = ३८४.१६ + ४८०.२ = ८६४.३६, वर्गमूळ २९.४. मात्र वर्गमूळ दिशा सांगत नाही. चेंडू खाली येतो आहे हे पाहून उणे आपणच लावायचे.

वर जाणाऱ्या फुग्यातून वस्तू ‘सोडली’ असे लिहिलेले असते तेव्हा यू = ० घालण्याचा मोह होतो. सोडणाऱ्याच्या दृष्टीने वेग शून्य असेल, जमिनीच्या दृष्टीने नाही. फुगा ४.९ मी/से वेगाने वर जात असताना ९८ मीटर उंचीवरून पिशवी सुटली, तर पिशवीचा यू = +४.९. समीकरण टी² − टी − २० = ०, उत्तर ५ सेकंद. यू शून्य धरला असता तर ४.४७ सेकंद आले असते. सुटल्यावर पिशवी आधी १.२२५ मीटर आणखी वर जाते, मग खाली वळते.

एक खालून, एक वरून

४० मीटर उंचीवरून एक चेंडू नुसता सोडला. त्याच क्षणी त्याच्या बरोबर खालून दुसरा २० मी/से वेगाने वर फेकला. ते कुठे भेटतील? दोघांची उंची जमिनीपासून मांडा: वरचा ४० − ४.९ × टी², खालचा २० × टी − ४.९ × टी². दोन्ही सारखे ठेवले की ४.९ ची पदे एकमेकांना खातात आणि उरते ४० = २० × टी. म्हणजे २ सेकंद, उंची २०.४ मीटर. गुरुत्व दोघांनाही सारखेच ओढते, त्यामुळे एकाच्या नजरेने दुसरा चेंडू ठरावीक वेगाने, सरळ त्याच्याकडे येत राहतो.

पण उत्तर लिहिण्याआधी खालचा चेंडू तोवर हवेत आहे का ते तपासा. त्याचा एकूण उड्डाणकाळ २ × २० ÷ ९.८ = ४.०८ सेकंद, म्हणजे आहे. फेकण्याचा वेग १० असता तर भेटीची वेळ ४ सेकंद आली असती आणि चेंडू २.०४ सेकंदांतच जमिनीवर आला असता. गणित बिनतक्रार उत्तर देते. जमीन कुठे आहे हे त्याला आपण सांगावे लागते.

वस्तू एकाच उंचीवरून टी₁ आणि टी₂ अशा दोन वेळी जाताना दिसली, तर यू = जी × (टी₁ + टी₂) ÷ २ आणि ती उंची = जी × टी₁ × टी₂ ÷ २. खिडकीसमोरून चेंडू १ ल्या आणि ३ ऱ्या सेकंदाला गेला, तर यू = १९.६ आणि खिडकी १४.७ मीटरवर.

इंजिन चालू असेतोवर सूत्र लागू नाही

वरची तिन्ही सूत्रे हात किंवा इंजिन सुटल्यानंतरची. छोटे रॉकेट २ सेकंद २० मी/से² निव्वळ त्वरणाने वर जाते आणि मग इंधन संपते. पहिला टप्पा: वेग ४० मी/से, उंची ½ × २० × ४ = ४० मीटर. दुसरा टप्पा इथून नव्याने सुरू, यू = ४०: आणखी १६०० ÷ १९.६ = ८१.६ मीटर, वेळ ४.०८ सेकंद. माथा १२१.६ मीटरवर, ६.०८ सेकंदांनी. तिथून पडायला ४.९८ सेकंद, म्हणजे एकूण ११.०६. इंधन संपताच रॉकेट खाली येऊ लागते हा समज इथे मोडतो: उंचीचा दोन तृतीयांश भाग ते इंधन संपल्यावर चढते. त्वरणाऐवजी इंजिनाचा रेटा दिला असेल तर रेटा ÷ वस्तुमान यातून ९.८ वजा करून निव्वळ त्वरण काढा.

प्रत्यक्ष मोजताना

फेकलेल्या चेंडूची उंची टेपने मोजता येत नाही, वेळ मोजता येतो. सुटणे आणि पकडणे एकाच पातळीवर असेल, तर उंची = जी × (एकूण वेळ)² ÷ ८. एकूण वेळेच्या निम्म्यात चेंडू माथ्यावरून खाली येतो, एवढाच त्याचा उगम.

स्टॉपवॉचने मोजल्यास बोटाची दिरंगाई ०.२ सेकंदांपर्यंत सहज जाते. खरा वेळ ३ सेकंद असताना ३.२ नोंदला तर उंची ११.० ऐवजी १२.५ मीटर येते, २.८ नोंदला तर ९.६. वेळेचा वर्ग होत असल्याने वेळेतली टक्केवारीची चूक उंचीत जवळपास दुप्पट होते. त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सेकंदाला ३० चित्रे असतील तर चेंडू सुटल्यापासून पकडेपर्यंतची चित्रे मोजून ३० ने भागा. दोन्ही टोकांना एकेक चित्र चुकले तरी फरक अर्ध्या मीटरच्या आसपास राहतो. स्लो-मोशनमध्ये घेतले असेल तर पडद्यावर दिसणारा वेळ वापरू नका. चित्रे मोजा आणि चित्रीकरणाच्या खऱ्या दराने, उदाहरणार्थ २४० ने भागा. कॅमेरा हातात नको, टेकवून ठेवलेला हवा. चेंडू कमरेपाशी सुटला आणि डोक्यावर पकडला तर हे सूत्र लागू पडत नाही. मग वाय मध्ये तो फरक घालून दुसऱ्या सूत्राने यू काढा.

हवा आणि फार मोठी उंची

जड, गुळगुळीत गोळा आणि दहा-पंधरा मीटरची फेक असेल तर हवा सोडून देता येते. हलक्या वस्तूंना नाही. अंदाजासाठी एकच आकडा हवा: त्या वस्तूचा अंतिम वेग, म्हणजे हवेतून पडताना ज्या वेगाला हवेचा विरोध वजनाइतका होतो तो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला, तर

उंची = (अंतिम वेग² ÷ २ जी) × नैसर्गिक लॉग (१ + यू² ÷ अंतिम वेग²)

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमी व्यासाचा, २.७ ग्रॅमचा, त्याचा अंतिम वेग साधारण ८.६ मी/से येतो. १४.७ ने फेकला तर उंची ११ मीटरऐवजी जेमतेम ५.२ मीटर, आणि परत येतानाचा वेग अवघा ७.४. सुमारे १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूसाठी अंतिम वेग ३७ च्या आसपास, उंची १०.२ मीटर, म्हणजे सुमारे सात टक्के कमी. दोन्ही वेळा उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून ‘एकूण वेळेच्या निम्मे’ हा नियम इथे मोडतो.

दुसरे टोक म्हणजे फार मोठा वेग. वर जाताना गुरुत्व कमी होत जाते. हवा सोडून १ किमी/से ला साधे सूत्र ५१.० किमी देते, त्याला (१ − ५१.० ÷ ६३७१) ने भागले की ५१.४ (६३७१ ही पृथ्वीची त्रिज्या, किमीमध्ये). फरक नगण्य. ३ किमी/से ला मात्र ४५९ चे ४९५ किमी होतात. ११.२ किमी/से ला माथाच उरत नाही. चंद्रावर जी १.६२ घाला: तोच १४.७ चा चेंडू ६६.७ मीटर चढेल आणि १८ सेकंदांनी परत येईल.

हवेसकट पूर्ण तक्ता हवा असेल तर स्प्रेडशीटमध्ये ०.०१ सेकंदाच्या पायऱ्या करा. प्रत्येक ओळीत त्वरण = −जी − जी × व्ही × |व्ही| ÷ अंतिम वेग², इथे |व्ही| म्हणजे चिन्ह सोडून वेगाचा नुसता आकडा. नवा वेग = जुना वेग + त्वरण × ०.०१. नवी उंची = जुनी उंची + (जुन्या-नव्या वेगांची सरासरी) × ०.०१. व्ही × |व्ही| च्या जागी नुसते व्ही² लिहिले, तर चढताना सगळे ठीक दिसते, पण माथ्यानंतरही हवा चेंडूला खालीच ढकलत राहते आणि तो फेकला तितक्याच वेगाने परत येतो, जणू हवेने काही घेतलेच नाही. शीट तयार झाल्यावर यू = १४.७ ठेवून अंतिम वेगाच्या जागी दहा लाख घाला, म्हणजे हवा जवळपास नाहीशी होते: १.५ सेकंदाच्या ओळीत ११.०२५ दिसले पाहिजे.